आमाले काय समजते साहेब

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून एका जळक्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या काढत होतो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे आत दुसरं काही नसतं. लोखंडाच्या पातळ पत्र्यांची थप्पी आणि तिच्या पोटात गुंडाळलेली तांब्याची तार. तार जळते, पत्र्या जळत नाहीत. पण वॉर्निशनं अशा चिकटून बसतात की पहिली पत्री निघेपर्यंत जीव जातो. एकदा पहिली निघाली की बाकीच्या निमूट येतात. पंचफुला ती थप्पी पायाच्या दोन तळव्यांत दाबून धरायची, मी लाकडी हातोडीनं ठोकायचो. लग्न झाल्यापासून हेच.

"पायावर मारान," ती म्हणाली.

"आजवर मारला का?"

"आजवर डोये होते तुमाले."

पहिली पत्री निघाली. तिनं ती उजेडाकडे धरली, बोटानं टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाली, "चांगली हाये, जुन्या जमान्यातली हाये." मग आम्ही बाकीच्या काढल्या, फडक्यानं पुसल्या, रचून ठेवल्या. तिनं ज्वारीची भाकर टाकली. भाजी अळणी झाली होती, मी तशीच खाल्ली. बस. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्यात विशेष काही नव्हतं. विशेष असतं तं मी नीट पाहून घेतलं असतं.

या अंकाचे संपादक म्हणाले, मिस्तरी, तुमच्या धंद्यातल्या आठवणी लिहा, गंमतीजमती लिहा. म्हटलं, लिहितो, पण गंमत कमी निघेल. चौथी शिकलेला माणूस आहे मी. सगळं आमच्या बोलीत लिहिलं तं तिकडे शहरातले लोक वाचायचे नाहीत, म्हणून मधलं धरलं आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पेटंटची केस आम्ही हारलो. खाली कचेरीत हारलो, वर अपिलात हारलो. कोणी शेवटी जिंकल्याची वाट पाहात वाचत असेल तं त्यानं दुसरं पान काढावं.

आदिलाबादजवळ गुडीहत्नूरच्या चौकाच्या आत, हायवेची धूळ जिथपर्यंत येते तिथं माझं दुकान आहे. मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो आणि बनवतो. लग्नाचा मंडप, जयंतीची मिरवणूक, भजन, निवडणूक, जिथं जिथं माणसाला आपला आवाज आहे त्यापेक्षा मोठा पाहिजे असतो, तिथं माझं काम. बाहेरच्या माणसाला वाटतं ॲम्प्लिफायर आवाज वाढवतो. तो आवाज वाढवत नाही. तो लाइनीतून करंट ओढतो आणि त्याला तुमच्या आवाजाच्या मापानं सोडतो. तुम्ही बारीक बोलला तं थोडा, ओरडला तं पुष्कळ. आता लाइनीतच करंट नसला तं तो काय सोडेल, कपाळ? मग आवाज फाटतो, भोंग्याचं युनिट जळतं, आणि लोक मिस्तरीच्या नावानं शिव्या देतात. लाइन कोणाची, तार कोणाची, जनरेटर कोणाचा, हे कोणी पाहात नाही.

गिऱ्हाईकं कशी कशी येतात सांगतो. तलमडुगुचा एक मंडपवाला होता, तेलुगू माणूस, स्वभावानं चांगला. पण प्रत्येक लग्नात मशीनजवळ उभा राहून "पेंचु, इंका पेंचु" म्हणायचा. म्हणजे वाढव, अजून वाढव. मी सांगायचो, अण्णा, आता वाढवलं तं फाटेल. तो म्हणायचा, फाटू दे, पण वाढव. लग्नाच्या सीझनमध्ये त्याची युनिटं जळून माझ्याकडे पोत्यात यायची. दुसरे मुधोळचे भजनवाले. ते मशीन टेम्पोत घालून घेऊन आले, म्हणाले, मिस्तरी, बाकी सगळे गातात तेव्हा चांगली चालते, आमचे अध्यक्ष गायला बसले की चिरकते. मी मशीन उघडली, लावली, दिवसभर चालवली. काही दोष नाही. शेवटी पंचफुला आतून म्हणाली, "अध्यक्ष घिऊन या ना इकडे, उघडून पाहू." ते लोक हसत हसत गेले आणि अध्यक्षांना हे सांगितलं असावं, काऊन की पुढच्या वर्षी मशीन दुसऱ्या मिस्तरीकडे गेली.

आता मुद्द्यावर येतो.

एका भीमजयंतीला आमची मशीन ट्रॅक्टरवर होती, जनरेटरवर. मिरवणूक रंगात, पोरं नाचत होती, आणि आदिलाबादहून आलेले पाहुणे बोलायला उभे राहिले. तेवढ्यात जनरेटर दबला, करंट पडला. पाहुण्यांचं पहिलंच वाक्य होतं, ताठ मानेनं जगा असं काहीतरी, आणि भोंग्यातून कोंबडं कापल्यासारखा आवाज आला. सगळी वस्ती माझ्याकडे पाहात होती. मी घरी येऊन जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी पंचफुला मिक्सरवर शेंगदाण्याचा कूट करत होती. आमच्या भिंतीला लागून पिठाची चक्की आहे. चक्की सुरू झाली की आमच्या घरातला बल्ब मंद होऊन बसतो. बल्ब बसला तसं तिनं मिक्सरवरचं बोट काढलं, थोडी थांबली, बल्ब उठला तसं पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली,

"हे मले समजते. तुमच्या मशीनले काऊन समजत नाई?"

मी म्हटलं, "मशीनले डोये असते का?"

"मंग लावा ना डोये. मिस्तरी कायचे तुमी?"

हेच ते पेटंट. यापुढचं सगळं त्या वाक्याची मजुरी आहे.

आम्ही काय केलं, तं मेन गुंडाळीच्या वर तारेचे थोडे वेगळे वेढे घातले. लाइन दबायला लागली की या वेढ्यांना सगळ्यात आधी कळतं, आणि ते पुढच्या दोन ट्रान्झिस्टरांना सांगतात की पॉवर आवरा. आवाज फाटत नाही, जरासा बसतो. लाइन उठली की उठतो. ऐकणाऱ्याला कळतही नाही. पंचफुला पोरवयात लोकांच्या ज्वारीत पाखरं राखायला बसलेली बाई, तिनं त्याला नाव दिलं राखणीची गुंडाळी. सर्किट मी जुळवलं, सोल्डरचे डाग मी दिले. पण ते वेढे किती घालायचे, हे मला कधीच जमलं नाही. काऊन की आमच्या पत्र्या जुन्या, दहा मशीनींतून निघालेल्या, एकीचा गुण दुसरीत नाही. एका थप्पीला वेढे जास्त लागतात, एकीला कमी. ती थोडे वेढे घालायची, बल्ब जोडायची, थप्पीवर बोट ठेवून तिची घुरघुर ऐकायची, मग दोन वेढे काढायची नाहीतर चार घालायची. "हं" म्हणाली की झालं. मी मीटर लावून पाहायचो तं बरोबर निघायचं. कधी नाही निघालं तं ती पुन्हा उकलायची. तिचं कधी चुकतच नव्हतं असं काही मी म्हणणार नाही. चुकायचं. पण कुठं चुकलं ते तिला कळायचं, मला कळायचं नाही.

आमची पोरगी संगीता आदिलाबादला शाळेत शिक्षिका आहे. तिच्या ओळखीचे एक प्राध्यापक मशीन पाहायला आले, त्यांनी मान हलवली, म्हणाले, याचं पेटंट घ्या. पेटंट म्हणजे सरकारनं लिहून देणं की ही युक्ती यांची, दुसऱ्यानं यांना विचारून करावी. त्यांनीच इंग्रजीत सगळं लिहून दिलं. शोध लावणारे म्हणून दोन नावं घातली, माझं आणि तिचं. ती म्हणाली, "माहं कायले?" पण त्या दिवशी तिनं पोळ्या केल्या, सण नसताना.

अर्ज लागल्यावर हैदराबादच्या एका कंपनीनं विरोध केला. म्हणाले, या कागदात लिहिलं तसं आम्ही करून पाहिलं, चालत नाही. मला एवढंच समजत नाही की जी गोष्ट चालत नाही, तिला एवढा विरोध कशाला? पेरलेलं उगवतच नाही तं कुंपण तोडायला काऊन येता? पण वकील म्हणाला, अंकल, कायदे में ऐसा नहीं पूछते. हा आमचा वकील, किरण नाव, हैदराबादचा तरणा पोरगा, तेलुगू. आमच्याशी हिंदीत बोलायचा. माणूस प्रामाणिक होता, हे आधीच सांगतो, काऊन की पुढं त्याचा राग येईल.

सुनावणी फोनवरच्या व्हिडिओवर होती. आम्ही संगीताच्या घरी बसलो. पंचफुलानं इस्तरीची साडी नेसली होती आणि स्क्रीनला नमस्कार केला. पेटंट कचेरीचे चेन्नईचे साहेब चांगले बोलत होते, शांत. त्यांनी विचारलं, कागदात वेढ्यांचा एक आकडा लिहिला आहे, विरोधी पार्टी म्हणते त्या आकड्यानं होत नाही, तुम्ही स्वतः वेढे कसे ठरवता?

मी बोलायला गेलो तं साहेब म्हणाले, गुंडाळी कोण करतं, त्यांना बोलू द्या.

पंचफुलानं पदर सावरला आणि म्हणाली,

"आमाले काय समजते साहेब. आमी अडानी मानसं. अंदाजानं धरा लागते."

आता हे नीट समजून घ्या, काऊन की सगळं इथं आहे. आमच्याकडे मोठ्या माणसापुढं बोलायचं तं सुरुवात अशीच करतात. शेतमालकापुढं, पटवारीपुढं, शाळेच्या सरांपुढं, आधी "आमाले काय समजते" म्हणायचं. मग समोरचा म्हणतो, "अवो, तुमालेच तं समजते, सांगा सांगा." मग खरं बोलणं सुरू होतं. ते बोलणं नसतं, बोलण्याच्या आधीचा उंबरा असतो. पंचफुला उंबऱ्यावर उभी राहिली आणि साहेबांच्या "सांगा सांगा"ची वाट पाहात राहिली.

साहेबांना ते कसं ठाऊक असणार? संगीतानं मराठीचं हिंदी केलं, किरणनं हिंदीचं इंग्रजी केलं. अंदाजाचं इंग्रजी त्यानं केलं "गेस". साहेबांनी लिहून घेतलं. पुढचा प्रश्न विरोधी पार्टीलाच विचारला.

निकालात आलं की अर्जदार स्वतःच कबूल करतात की त्यांना शोध समजत नाही, आणि वेढे नुसत्या तुक्क्यानं ठरतात. म्हणून अर्ज नामंजूर. संगीतानं वाचून दाखवलं तेव्हा पंचफुला म्हणाली, "मी असं नाई बोलली." संगीता म्हणाली, "आई, तू असंच बोलली." दोघीही खरं बोलत होत्या.

अंदाज म्हणजे तुक्का नाही, बापहो. तुमच्या घरातली बाई भाजीत मीठ टाकते ते तुक्क्यानं टाकते का? डोळे मिटून टाकते का? पण मला याहून कडू वाटतं ते दुसरंच. दर जयंतीला ताठ मान, ताठ मान असं माझ्याच मशीनीतून गाजतं. आयुष्यभर ते वाक्य मी मोठं केलं, लांबच्या शिवारापर्यंत पोचवलं. आणि माझ्या घरात ज्या बाईला खरोखर काही येत होतं, ती एका स्क्रीनपुढं वाकली. तिला कोणी वाकवलं नव्हतं. सवयीनं वाकली.

त्या दिवसापासून तिनं अंदाज हा शब्द सोडला. संगीतानं फोनवर विचारलं, आई, लोणच्यात मोहरी किती, तं म्हणायची, "मोजून टाक बाई, मोजून. आपल्याले काय समजते." आता ते नम्रपणानं म्हणत नव्हती. शिवी दिल्यासारखं म्हणायची. गुंडाळी करायची, पण "हं" म्हणायचं सोडलं. माझ्याकडे मीटर सरकवायची.

किरणनं अपील टाकलं, चेन्नईच्याच मोठ्या कोर्टात. अपील लोंबकळत राहिलं. तारीख जवळ आली तेव्हा त्याचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, ती भाकरी थापत होती, ऐकत होती. तो म्हणाला, अंकल, एक रस्ता आहे. आंटीचं ते बोलणं आपल्याला खातं आहे. आंटींनी लिहून द्यायचं की शोधात माझा भाग नाही, नवरा सांगेल तेवढे वेढे मी घालत होते. मग त्या मदतनीस होतात. मदतनिसाला नाही समजलं तं काय बिघडतं? तुम्ही एकटे शोध लावणारे. तुम्ही कोर्टात सांगायचं, वेढे मीच मोजून ठरवतो.

मी म्हटलं, "ये झूठ है."

तो म्हणाला, "अंकल, केस है."

मी फोन ठेवला तं पंचफुला म्हणाली, "बरोबर बोलून राह्यला तो. काढा माहं नाव."

"डोकं तुहं, हात तुहा, अन् नाव माहं एकल्याचं?"

"नाव काय खायाचं हाये? मशीन मान्य झाली पाह्यजे. माह्या तोंडानं बिघडलं, माह्या सहीनं सुधरू द्या."

"खोटं लिवून देशीन?"

"जयंतीले तुमी खांब्यावरून आकडा टाकून लाइन घेता, ते मोठं खरं हाये."

त्याच दुपारी आम्ही आदिलाबादला नोटरीकडे गेलो. किरणनं कागद पाठवला होता. नोटरीनं तो हिंदीत वाचून दाखवला, तिनं ऐकला, आणि सही केली. सही ती म्हातारपणी पोरीकडून शिकली होती, एकेक अक्षर जमिनीत रोप लावल्यासारखं लावायची. मी बाहेर बाकावर बसलो होतो. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा हलका होता. खूप दिवसांनी हलका होता. बसमध्ये म्हणाली, "आता पाहा, होते का नाई." नेट सेंटरवाल्यानं कागद पाठवून दिला. किरणचा निरोप आला, मिळाला, उद्या सकाळी कोर्ट उघडलं की टाकतो.

त्या संध्याकाळी आम्ही पत्र्या काढल्या. ते वर सांगितलं आहे.

अपिलाचा निकाल नंतर लागला. कोर्टाच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं म्हणे. किरणनं अंदाज या शब्दावर पुष्कळ वेळ घेतला, तुक्का वेगळा, हाताची पारख वेगळी. साहेब म्हणाले, असेल, पारख असेल. पण कायदा म्हणतो, कागद वाचून दुसऱ्याला वस्तू बनवता आली पाहिजे. ती पारख कागदात नाही. आणि खरंच नव्हती हो. प्राध्यापकांनी आकडा लिहिला, बोट लिहिलं नाही, घुरघुर लिहिली नाही. त्यांना आम्ही सांगितलीच नव्हती. त्यांनी विचारली नव्हती. कोर्टाचं चुकलं असतं तं मला बरं वाटलं असतं. चुकलं नाही, हे जास्त लागतं. किरण अजून म्हणतो, आंटीचा कागद टाकला असता तं कदाचित जमलं असतं. असेल. त्या कंपनीच्या नव्या मशीनी आता आदिलाबादच्या दुकानांत लागल्या आहेत, वर लिहिलं आहे, लाइन दबली तरी आवाज फाटत नाही. मी एकही उघडून पाहिली नाही. पाहणारही नाही.

तो कागद काऊन टाकला नाही, तेवढं सांगतो आणि थांबतो.

पंचफुला रोज माझ्या आधी उठायची. त्या सकाळी मला जाग आली तं घरात भांड्याचा आवाज नव्हता. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिच्या खाटेजवळ गेलो, पायाला हात लावला, आणि मला समजलं. चेहरा तसाच होता, बसमध्ये होता तसा.

माणसानं अशा वेळी आधी ओरडावं, शेजाऱ्यांना बोलवावं, पोरीला फोन करावा. मी तसं केलं नाही. मी खाटेच्या काठावर बसलो, फोन घेतला आणि पहिला फोन किरणला लावला. तो झोपेतून उठला.

"क्या अंकल, इत्ते सुबे?"

"वो कागज नक्को डालो."

"कौनसा? आंटी का? अंकल, आंटी ने खुद साइन करे ना. खुशी से करे."

"आंटी नहीं रही."

तो हळू आवाजात, वाईट हेतूनं नाही, त्याच्या धंद्याच्या सवयीनं बोलला, "अंकल, फिर तो वो उनका आखरी कागज है. कोर्ट उसको बहुत मानेगा."

मी म्हटलं, "बेटा, वो जिंदगीभर अपने को कम करके बोली. आदत थी उसकी. आदत को गवाही मत बनाओ. फाड दो."

"हार जाएंगे अंकल."

"हारेंगे. दोनों नाम से हारेंगे."

तो हौ म्हणाला. मी त्याच्याकडून पुन्हा एकदा हौ म्हणवून घेतलं.

मग मी पोरीला फोन लावला.